करारावर सही झाली, आणि आता घर नको वाटतंय

पत्र, थोडक्यात:

मी ३३ वर्षांची, नवरा ३६ चा. वाकडला २४ हजार भाडं भरून राहतो. गुढीपाडव्याला रावेतजवळ बांधकाम सुरू असलेल्या एका प्रकल्पात टू बीएचके बुक केला. जूनमध्ये दोघांच्या नावे करारनामा रजिस्टर झाला. किंमत ८० लाख. बिल्डरला आतापर्यंत २४ लाख गेले: १६ आमचे, ८ बँकेने दिलेले. त्या १६ मध्ये ६ लाख माझ्या बाबांचे आहेत. ते एसटीच्या डेपोत हिशेबनीस होते, निवृत्तीच्या पैशातून त्यांनी दिले. शिवाय स्टॅम्प ड्युटी ५ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार, जीएसटी १ लाख २० हजार. ऑगस्टमध्ये कंपनीने आमची अख्खी टीम कमी केली. नवऱ्याचे ८५ हजार हातात येतात. कर्ज पूर्ण सुरू झालं की हप्ता ५५ हजारांचा. मला या घरातून बाहेर पडायचंय. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, करारात २० टक्के कपातीचं कलम आहे आणि टॅक्सचे पैसे विसरा. नवरा म्हणतो, सही झाली की विषय संपला, आता मागे फिरलो तर सगळे बुडाले. बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, किती स्लॅब पडले? मी खोटं सांगते. काय करू?

उत्तर:

तुमचं मूळ पत्र सहा पानांचं आहे. त्यात ‘बुडाले’ हा शब्द नऊ वेळा आलाय, आणि बाहेर पडायचं ठरवलंत तर नेमके किती जातील हा आकडा एकदाही नाही. तेवीस लाख दहा हजार ही घरातून गेलेली रक्कम तुम्हाला तोंडपाठ आहे. त्यातले परत किती येतात, हे तुम्ही बिल्डरच्या ऑफिसातल्या एका माणसाकडून, उभ्या उभ्या ऐकलंत. म्हणून आज मी ‘बाहेर पडा’ असंही म्हणणार नाही आणि ‘पडू नका’ असंही नाही. मी सोळा वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर काढली. तिथे एक गोष्ट पक्की कळली. ज्यांना बाहेर पडायची किंमत माहीत नसते ते घाबरून घर सोडतात, नाहीतर घाबरूनच धरून ठेवतात. पुढे दोघंही पस्तावतात.

आधी तुम्ही सही कशावर केलीत ते पाहू. तुमच्याकडे आहे तो करारनामा, जुन्या भाषेत साठेखत. खरेदीखत नाही. घराचा ताबा मिळालेला नाही, मालकी आलेली नाही. महाराष्ट्रात पूर्ण स्टॅम्प ड्युटी करारनाम्यालाच भरावी लागते, त्यामुळे दुय्यम निबंधकाच्या ऑफिसातून अंगठा देऊन, फोटो काढून बाहेर पडलेल्या माणसाला वाटतं की घर झालं. पेढे वाटले जातात. तुम्हीही वाटले असतील. कागदाच्या भाषेत मात्र तो दोन पक्षांमधला व्यवहार आहे: तुम्ही टप्प्याटप्प्याने पैसे द्यायचे, त्याने ठरल्या तारखेला ताबा द्यायचा. असा व्यवहार मोडता येतो. फुकट मोडता येत नाही, इतकंच. फ्रान्समध्ये घराच्या प्राथमिक करारानंतर खरेदीदाराला दहा दिवस मिळतात, कारण न देता माघार घेता येते. आपल्याकडे करारनाम्यावर सही झाल्यावर तसा मोकळा काळ कुठल्याच कायद्यात नाही, आणि तुमचा जून केव्हाच गेला.

आता एक अप्रिय प्रश्न. बिल्डरचं काही चुकलंय का? रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, २०१६ चा, पुरता लागू झाला १ मे २०१७ पासून. त्यात खरेदीदाराला बाहेर पडायचे भक्कम रस्ते आहेत. करारात लिहिलेल्या तारखेला ताबा दिला नाही तर कलम १८ प्रमाणे पैसे व्याजासह परत मागता येतात. हा हक्क बिनशर्त आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलंय. महाराष्ट्रात ते व्याज स्टेट बँकेच्या सर्वात चढ्या एमसीएलआरवर (कर्जाच्या पायाभूत दरावर) आणखी २ टक्के. जाहिरातीत खोटं सांगून पैसे घेतले असतील तर कलम १२. मंजूर आराखडा दोनतृतीयांश खरेदीदारांच्या संमतीशिवाय बदलला असेल तर कलम १४. महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर तुमच्या प्रकल्पाचं पान उघडा, पूर्णत्वाची तारीख आणि मंजूर नकाशे तुमच्या करारनाम्याशी ताडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

पण काही सापडलं नाही, तर सापडवू नका. माझ्या टेबलासमोर बसून ‘मॅडम, पार्किंग सहा इंच कमी भरतंय’ म्हणणारे लोक मी पाहिलेत. नोकरी गेलेली असायची, आणि ती सांगायची लाज वाटायची म्हणून सहा इंच पुढे यायचे. तुमचं कारण तुमचं आहे, बिल्डरचं नाही. म्हणजे कलम १८ तुमच्या कामाचं नाही, बिल्डर काही रक्कम कापणार, आणि प्रश्न उरतो तो किती, एवढाच. हे एकदा मान्य केलं की बोलणी पुष्कळ सरळ होतात.

किती? करारात २० टक्के लिहिलंय. ८० लाखांचे २० टक्के म्हणजे १६ लाख. बिल्डरकडे २४ आहेत, त्याने १६ ठेवले, उरलेले ८ बँकेचे, ते बँकेतच जाणार. बिल्डरकडून तुमच्या हातात शून्य. तुमचे यजमान ‘सगळे बुडाले’ म्हणतात ते या गणितातून आलंय, आणि या गणितापुरतं ते चुकत नाहीत.

मात्र छापलं म्हणून कलम पक्कं होत नाही. १८७२ चा आपला करार कायदा कलम ७४ मध्ये सांगतो की करारात दंडाचा आकडा लिहिला असला तरी त्या आकड्यापर्यंत वाजवी भरपाईच मिळते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बिल्डरने लिहिलेल्या आणि ग्राहकाने ठिपक्यांच्या रेषेवर सही केलेल्या एकतर्फी अटी ग्राहकाला बांधत नाहीत. मग २०२५ च्या फेब्रुवारीत गुरुग्रामच्या एका प्रकल्पाचा निकाल आला. तो तुमच्या अगदी जवळचा आहे, कारण तिथेही बिल्डरची चूक नव्हती. बाजारभाव पडले म्हणून खरेदीदारांनीच माघार घेतली होती. करारात २० टक्के जप्तीचं कलम होतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने १० टक्क्यांपर्यंतच कपात मान्य केली, सर्वोच्च न्यायालयाने ते १० टक्के कायम ठेवले. परत द्यायच्या रकमेवर आयोगाने लावलेलं व्याज मात्र काढून टाकलं. दोन्ही बाजू लक्षात ठेवा.

१० टक्के धरले तर? बिल्डर ८ लाख ठेवतो, १६ परत देतो. ८ बँकेला, ८ तुम्हाला. बाबांचे ६ त्यात निघतात.

दहा ही काही लक्ष्मणरेषा नाही. कोर्टात न जाता त्याहून खाली तोडगा निघतो का, हे बिल्डरच्या अडचणीवर ठरतं, आणि त्याची अडचण त्या ऑफिसातल्या माणसाने तुम्हाला सांगितलेली नाही. ती अशी: तुमचा नोंदलेला करारनामा जोवर उभा आहे, तोवर तो फ्लॅट त्याला दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणीच्या सरकारी उताऱ्यावर, तुम्हा दोघांची नावं आहेत. करार रद्द करायला तुमच्या सह्या लागतात. तुम्हाला त्याची गरज आहे तितकीच त्यालाही तुमची आहे. म्हणून बोलणी करण्याआधी एका मैत्रिणीला ग्राहक म्हणून तिथे पाठवा आणि त्याच मजल्याचा, तेवढ्याच क्षेत्रफळाचा आजचा भाव विचारून घ्या. तुम्हाला ८० ला दिलेला फ्लॅट आज ८५ ला सांगत असतील, तर तुमच्या जाण्याने त्याचं नुकसान नेमकं कुठलं, हा प्रश्न तुम्ही टेबलावर शांतपणे ठेवू शकता. भाव पडलेला असेल तर तो प्रश्न त्याच्या बाजूने जाईल, हेही धरून चला.

‘टॅक्सचे विसरा’ हे त्या माणसाचं दुसरं वाक्य. ते मला जास्त खटकलं, कारण २० टक्क्यांवर निदान वाद तरी होऊ शकतो.

स्टॅम्प ड्युटी तुम्ही सरकारला भरलीत, बिल्डरला नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात तरतूद आहे: ताबा घेण्याआधी, करारनाम्यापासून पाच वर्षांच्या आत, नोंदणीकृत रद्दलेखाने करार रद्द झाला, तर रद्दलेखाच्या नोंदणीपासून सहा महिन्यांत अर्ज करून स्टॅम्प ड्युटी परत मागता येते. थोडी कपात होते, बाकी मिळते. तुमचे ५ लाख ६० हजार या खिडकीत बसतात. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. ताबा नको. साध्या कागदावर किंवा नोटरीकडे केलेलं कॅन्सलेशन नको, दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला रद्दलेखच हवा. आणि सहा महिने म्हणजे सहा महिने. ‘जरा नोकरीचं लागू दे, मग बघू’ म्हणत सातव्या महिन्यात मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात उभे राहिलेले लोक आहेत. पैसे यायला वेळ लागतो, चकरा होतात, ते गृहीत धरा. नोंदणी फीचे ३० हजार गेले, त्यांच्यासाठी चकरा मारू नका.

जीएसटीचंही तसंच. बिल्डरने क्रेडिट नोट, म्हणजे आधीचं बिल कमी केल्याचा कागद, काढली तर त्याने तो कर समायोजित करून तुम्हाला परत द्यायचा. त्यासाठी त्याला पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते. ती मुदत टळलेल्या वाचकांसाठी: २७ डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकाने नोंदणी नसलेल्या साध्या ग्राहकालाही, पॅनवर तात्पुरती नोंदणी घेऊन, थेट सरकारकडे परतावा मागायची सोय केली आहे. जितके पैसे परत मिळतात त्या प्रमाणात जीएसटी परत. २४ पैकी १६ परत आले, तर १ लाख २० हजारांतले ८० हजार. १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरला असेल, तो बिल्डरच्या पॅनवर जमा आहे. त्याचा हिशोब पत्रात वेगळ्या ओळीत मागा, नाहीतर तो विसरला जातो. तुमचा २४ हजारांचा आहे, म्हणजे एका महिन्याचं भाडं.

आता बेरीज करू. १० टक्क्यांवर तुटलं तर बिल्डरचे ८ लाख, नोंदणीचे ३० हजार, जीएसटीतले ४० हजार, बँकेची प्रोसेसिंग फी आणि आतापर्यंतचं व्याज, स्टॅम्पमधली कपात. साधारण नऊ लाखांच्या आसपास. २० टक्क्यांवर अडलं तर सतराच्या पुढे. दोन्ही आकडे मोठे आहेत, आणि नऊ लाख म्हणजे काही फुटाणे नव्हेत हे मला माहीत आहे. पण ते तेवीस नाहीत. तुम्ही तीन महिने तेवीसच्या भीतीत झोपताय.

हे झालं बाहेर पडण्याचं. आता राहण्याचं, कारण तिथेही तुमच्या पत्रात मला एक घाई दिसते. तुम्ही ५५ हजारांच्या हप्त्याला घाबरलात. तो हप्ता ६४ लाखांचं पूर्ण कर्ज उचलल्यावरचा. आज बँकेने ८ लाखच दिलेत. साडेआठ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं पावणेसहा हजारांच्या आत. प्लिंथचा, म्हणजे जोत्याचं काम झाल्यावरचा, १२ लाखांचा हप्ता बिल्डरला गेला तरी ते १४ हजारांच्या आसपास येईल. भाडं आणि हे, मिळून ३८ हजार. नवऱ्याच्या ८५ हजारांत ते बसतं, ओढूनताणून का होईना. म्हणजे गळ्याशी पाणी आज आलेलं नाही, ते दोन-अडीच वर्षांनी येणार आहे, आणि तोवर तुम्ही बिननोकरीच्याच असाल असं तुम्ही मनाशी ठरवून टाकलंय. ऑगस्टमध्ये नोकरी गेलेल्या माणसाला नोव्हेंबरात असंच वाटतं. त्यावर विश्वास ठेवून ऐंशी लाखांचा निर्णय घ्यावा का?

अर्थात याला दुसरी बाजू आहे. तुमच्या क्षेत्रात कामं खरंच कमी होत असतील, मूल हवं असेल, आईबाबांच्या जवळ कऱ्हाडला जायचं मनात असेल (पत्राच्या पाचव्या पानावर तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे खोडलंय, मी वाचलं), तर नोकरी हे निमित्त आहे, आणि उद्या नोकरी मिळाली तरी हे घर तुम्हाला नकोच असेल. तसं असेल तर बाहेर पडायचा सगळ्यात स्वस्त दिवस आजचा आहे. टक्केवारीची कपात किंमतीवर असते, ती वाढत नाही, पण प्रत्येक स्लॅबबरोबर बिल्डरकडे अडकलेली रक्कम वाढते, बँकेचं देणं वाढतं, आणि बाहेर काढायचे पैसे जितके जास्त, तितका तो देताना उशीर करतो. म्हणून मी तुम्हाला एक तारीख देते: प्लिंथचं डिमांड लेटर, म्हणजे तो हप्ता मागणारं बिल्डरचं पत्र. ते येण्याआधी दोघांनी ठरवा. त्यानंतरचं ठरवणं महाग पडेल.

तोवर एक चूक करू नका. बिल्डरचा हप्ता भरायचा थांबवून ‘बघू काय करतो तो’ असं करू नका. थकलेल्या रकमेवर तो व्याज लावतो, आणि महारेराच्या नमुना करारात तीनदा हप्ता चुकला तर १५ दिवसांची नोटीस देऊन करार संपवायचा अधिकार बिल्डरला आहे. मग तुम्ही माघार घेणारे ग्राहक राहत नाही, थकबाकीदार होता. बोलण्याची जागाच बदलते. आणि नोकरी गेल्याचं लपवून बँकेकडून पुढचा हप्ताही उचलू नका. कर्ज दोन पगारांवर मंजूर झालंय. मी त्या टेबलाच्या पलीकडे होते म्हणून सांगते, आधी येऊन सांगणाऱ्या माणसासाठी मुदत वाढवून हप्ता कमी करण्यासारखे काही मार्ग तरी असतात, नंतर उघडं पडलेल्यासाठी फारसं काही नसतं.

अधल्यामधल्या वाटाही आहेत. त्याच प्रकल्पात वन बीएचके शिल्लक असेल तर बिल्डर कपात न करता त्यावर न्यायला अनेकदा तयार होतो, कारण ग्राहक हातचा जात नाही. दुसरी वाट, नवा ग्राहक तुम्हीच आणून द्यायचा. इथे एक बारकावा आहे. नव्या माणसाच्या नावे तुमचे हक्क हस्तांतर केले तर तुमचा करार रद्द झालेला नसतो, मग स्टॅम्प ड्युटी परत मिळत नाही, वर बिल्डर एनओसीचे पैसे घेतो. त्याऐवजी तुमचा करार नोंदणीकृत रद्दलेखाने रद्द आणि बिल्डरचा त्या माणसाशी थेट नवा करार, असं बसवता आलं तर बिल्डरचं नुकसान शून्य, कपात कमी करायला त्याला कारण मिळतं, आणि स्टॅम्प तुमचा सुटतो. तुमच्या जुन्या टीममधल्या कुणाला नोकरी मिळून रावेतलाच घर हवं असेल, काय सांगावं.

बाहेर पडायचंच ठरलं, तर बोलणं लेखी करा. फोन नाही, सेल्सच्या मुलाशी चहा नाही. ईमेल आणि सोबत पोच घेऊन पत्र. त्यात ‘करार रद्द करा’ असं पहिल्याच पत्रात लिहू नका. लिहा की वैयक्तिक आर्थिक अडचणीमुळे करार परस्पर संमतीने रद्द करण्याचा विचार आहे, तरी कपात, जीएसटी, टीडीएस आणि परताव्याची तारीख यांचा लेखी हिशोब कळवावा. २० टक्के मागणारा माणूस तो आकडा लेटरहेडवर लिहिताना जरा थबकतो. त्याच सुमारास बँकेला पत्र द्या की पुढचं वाटप थांबवा, आणि आजपर्यंतच्या येण्याचं पत्रक मागून घ्या. करार रद्द करायला बँकेचं ना-हरकत पत्र लागेल, मूळ करारनामा तिच्या तिजोरीत आहे.

आणि रद्दलेखावर सही पैसे हातात आल्याशिवाय नाही. हे मी मोठ्या अक्षरात छापायला सांगणार होते. ‘आधी कॅन्सल करून द्या, फ्लॅट विकला गेला की तुमचे देतो’ हे वाक्य तुम्ही ऐकणारच आहात. रद्दलेख नोंदला गेला की तुमच्या हातातली दोरी सुटली, मग तुम्ही फक्त येणेकरी. बँकेच्या नावाचा एक आणि तुमच्या नावाचा एक, असे दोन डिमांड ड्राफ्ट दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात, सहीच्या वेळी. पुढच्या तारखांचे चेक नकोत. हप्त्यांनीच घ्यावे लागले, तर तारखा आणि उशिराचं व्याज रद्दलेखातच लिहून घ्या. तेवढ्यापुरता एक वकील गाठा, मसुदा त्याला वाचू द्या. नऊ लाखांच्या व्यवहारात काही हजारांची फी वाचवू नये.

बिल्डर अडूनच बसला तर महारेराचा सलोखा मंच आहे, २०१८ पासून. तिथे ग्राहक संघटनेचा आणि बिल्डर संघटनेचा असे दोन्हीकडचे लोक बसून तोड काढतात, पण दोन्ही पक्ष तयार असावे लागतात. नाहीतर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक कायद्यात अन्याय्य करार ही स्वतंत्र तक्रार आहे. तो रस्ता लांबचा आहे, आणि त्या काळात तुमचा करार आणि बँकेचं व्याज दोन्ही चालू राहतात, म्हणून मी तो शेवटी ठेवला.

ज्यांचं अजून करारापर्यंत आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं, कारण अशी पत्रं दर महिन्याला येतात. किंमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला घेता येत नाही. बुकिंगनंतर मिळणाऱ्या वाटपपत्राचा महारेराने नमुना ठरवून दिलाय. त्यात १५ दिवसांत रद्द केलं तर कपात नाही, ३० दिवसांपर्यंत १ टक्का, ६० पर्यंत दीड, त्यापुढे २ टक्के, आणि पैसे ४५ दिवसांत परत. पाडव्याच्या मंडपात, मोदक खात, नाण्याच्या लालचीने सही केली असेल तर पंधरा दिवस मोजा. जुना फ्लॅट मालकाकडून घेत असाल तर इसारपावती नीट वाचा. इसार आणि आगाऊ दिलेली रक्कम या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माघार घेतल्यावर इसार जाऊ शकतो, पण ‘दिलेले सगळे जप्त’ असं विक्रेता तोंडी म्हणाला म्हणून ते जप्त होत नाहीत.

ताई, आता घरातल्या दोन माणसांबद्दल.

तुमच्या यजमानांना तुम्ही पत्रात ‘अडून बसलेत’ म्हटलंय. करारनामा दोघांच्या नावे आहे, म्हणजे रद्दलेखावरही दोघांच्या सह्या लागतील. त्यांना वगळून हा निर्णय होणारच नाही. ते ‘विषय संपला’ म्हणतात तेव्हा ते घराला धरून बसलेत की १६ लाखांना घाबरलेत, हे तुम्ही विचारलंत का? माझा अंदाज, १६ लाखांना घाबरलेत. वरची बेरीज त्यांच्यासमोर ठेवा, न बोलता. शून्याऐवजी ८ लाख आणि साडेपाचचा स्टॅम्प परत येऊ शकतो हे कळल्यावर त्यांचं मत बदललं, तर ते अडून बसले नव्हते. आणि नाही बदललं, ते म्हणाले की माझ्या पगारात मी दोन वर्षं ओढतो, मला घर हवंय, तर तेही ऐकायला हवं. पावणेसहा हजारांचं गणित त्यांच्या बाजूचं आहे.

बाबांचं मला जास्त वाटतं. तुम्ही त्यांना काचेच्या भांड्यासारखं जपताय. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं डेपोत बसून तिकिटांच्या पेट्या, डिझेल आणि ओव्हरटाइम यांचे ताळे जुळवले, त्याला तुम्ही सांगताय की सातवा स्लॅब पडला. प्लिंथ तरी नीट झालंय का अजून? ते रावेतला कधीतरी येतीलच, आणि मग स्लॅब नसल्याचं दुःख त्यांना होणार नाही, रविवारच्या फोनचं होईल. शिवाय तुमच्या घरात हिशोब समजणारा सगळ्यात तयार माणूस तोच आहे, आणि तुम्ही त्यालाच बाहेर ठेवलंत.

येत्या शनिवारी दोघं कऱ्हाडला जा. करारनाम्याची झेरॉक्स न्या, सगळ्या पावत्या न्या, बँकेचं पत्रक न्या. नोकरीचं आधी सांगा, चहा व्हायच्या आत. मग कपातीचं कलम ज्या पानावर आहे ते पान त्यांच्यासमोर ठेवा आणि एक कोरा कागद द्या.

बिल्डरचा लेखी हिशोब आला की मला पाठवा. त्यात जीएसटी आणि टीडीएसच्या ओळी आहेत का, ते मी आधी बघेन.